आठ वर्षांपूर्वीच्या क्रेडिट कार्डासाठी शिवाजीनगर कोर्टाचं समन्स आलंय. काय करू?

रातराणी (रविवार, रात्री ११.२०)

नमस्कार मंडळी. मी इथे नेहमी फक्त वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. झोप उडाली आहे म्हणून लिहितेय.

२०१४ साली नोकरीत असताना एका बँकेचं क्रेडिट कार्ड घेतलं होतं. तीन वर्षं नियमित भरत होते. २०१७ मध्ये आमचं ऑफिस बंद पडलं, त्यातच आईचं ऑपरेशन झालं. शेवटचा भरणा जुलै २०१७ चा. तेव्हा थकबाकी ८१ हजार होती. पुढे वर्षभर फोन यायचे, मग बंद झाले. मला वाटलं, विषय संपला.

मंगळवारी मी कामावर असताना धनकवडीच्या घरी कोर्टाचे बेलिफ आले. आईने सही करून कागद घेतले. दावा बँकेचा नाही, भलत्याच एका कंपनीचा आहे. तिने म्हणे बँकेकडून माझं कर्ज विकत घेतलंय. मागणी ३ लाख ९४ हजारांची. दावा फेब्रुवारी २०२५ मध्ये दाखल झालेला दिसतोय.

एवढे पैसे माझ्याकडे नाहीत. वकिलाची फी परवडेल असंही वाटत नाही. एक मैत्रीण म्हणाली, 'जाऊच नकोस, असल्या केसेस वर्षानुवर्षं पडून राहतात.' खरंच तसं असतं का? आई सारखी विचारतेय की पोलीस येतील का.

---

पेठकर (रविवार, ११.४१)

हल्ली व्हॉट्सॲपवर खोटी समन्स फिरतात, आधी खात्री करा. आणि आईंनी सही करायला नको होती.

---

जुनाकारकून (सोमवार, पहाटे ५.५०)

रातराणीताई, मी दिवाणी न्यायालयात बावीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. घाबरू नका, पण आजचा दिवस वाया घालवू नका.

खात्री करणं सोपं आहे. समन्सवर सीएनआर क्रमांक असेल, सोळा अक्षरं-अंकांचा. पुण्यातल्या दाव्याचा असेल तर सुरुवात एमएचपीयू अशी. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाका. वादी-प्रतिवादींची नावं, पुढची तारीख, सगळं दिसतं.

पेठकर, सहीबद्दल तुमचं म्हणणं पटत नाही. प्रतिवादी घरी नसेल तर घरातल्या सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं. आणि घ्यायला नकार दिला तर बेलिफ दारावर चिकटवून तसा अहवाल देतो, कोर्ट ती बजावणी झाली असं धरू शकतं. आईंनी कागद घेतले म्हणून निदान आज ते तुमच्या हातात आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समन्सच्या डोक्यावर नीट बघा. 'आदेश ३७' किंवा 'समरी सूट' असं काही लिहिलंय का? दाव्याच्या क्रमांकाआधी 'स्पेशल समरी' असं काही आहे का? लगेच सांगा.

---

रातराणी (सोमवार, ७.१५)

काका, ॲपवर सापडलं. खरंच आहे. आणि हो, समन्सवर ऑर्डर ३७ लिहिलंय. म्हणजे काय?

---

जुनाकारकून (सोमवार, ७.३२)

म्हणजे तुमच्याकडे शुक्रवारपर्यंत वेळ आहे.

साध्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे आपलं लेखी उत्तर, द्यायची असते, कारण दाखवलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत वाढवून देतं. आदेश ३७ चा समरी दावा म्हणजे झटपट निकालाचा दावा, त्याचं तसं नाही. तिथे पहिली पायरी फक्त हजेरीची, आणि ती समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत. ती चुकली तर वादीचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे असं धरतात आणि त्याला हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम निकाल, मागता येतो. साक्ष नाही, उलटतपासणी नाही, काही नाही. मैत्रिणीला सांगा, पडून राहणाऱ्या केसेस वेगळ्या.

मंगळवारी समन्स मिळालं, तो दिवस सोडून द्या. बुधवार पहिला, येता शुक्रवार दहावा.

हजेरीला वकील असलाच पाहिजे असं नाही, स्वतः देता येते. साध्या कागदावर दावा क्रमांक, पक्षकारांची नावं, 'मी प्रतिवादी या दाव्यात हजर होत आहे', आणि यापुढे नोटिसा कुठल्या पत्त्यावर पाठवायच्या तो पूर्ण पत्ता. खाली सही, तारीख. एक प्रत कोर्टात, आणि त्याच दिवशी तशी सूचना वादीच्या वकिलांना. हाती द्या किंवा स्पीड पोस्टने पाठवा. ही दुसरी सूचना लोक हमखास विसरतात. कोर्टाचा शिक्का मारलेली आपली प्रत आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.

---

मुठाकाठी (सोमवार, ८.०५)

आईंच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही म्हणून लिहितो. पोलीस येत नाहीत. हा दिवाणी दावा आहे, थकलेलं कार्ड हा गुन्हा नाही. हुकूमनामा झाला आणि त्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीची कारवाई, लागली तरी पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ मध्ये तसं स्पष्ट आहे. आईंना एवढं आधी सांगा.

फक्त चेक दिला होता आणि तो वटला नाही, असं काही असेल तर ते कलम १३८ चं प्रकरण, फौजदारी. त्यात अजिबात ढिलाई नको.

---

रातराणी (सोमवार, ८.२०)

चेक कधीच दिला नव्हता. आईला वाचून दाखवलं. खूप आभार.

---

वकीलबाई_सातारारोड (सोमवार, रात्री १०.०२)

दिवसभर कोर्टात होते, आत्ता वाचलं. जुनाकारकून यांनी सांगितलंय ते अक्षरशः तसंच करा. त्यात माझी भर.

फी परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. अर्ज तिथेच भरता येतो, आधार कार्ड आणि समन्सची प्रत न्या. वकील नेमून यायला काही दिवस लागतात, म्हणून हजेरी आधी स्वतः देऊन टाका.

आता दाव्याच्या आत काय आहे ते बघू. वादीच्या दाव्यात शेवटी-शेवटी एक परिच्छेद असतो, 'दाव्यास कारण' कधी घडलं आणि दावा मुदतीत कसा आहे. तो जसाच्या तसा इथे लिहा, नावं गाळून.

---

रातराणी (सोमवार, १०.३०)

तिथे लिहिलंय की नोव्हेंबर २०२४ मध्ये वकिलामार्फत नोटीस पाठवली, ती पाळली नाही, त्या दिवशी दाव्यास कारण घडलं, म्हणून दावा मुदतीत आहे. नोटीस मला मिळालेलीच नाही. जुना पत्ता असावा.

---

वकीलबाई_सातारारोड (सोमवार, १०.५५)

वाटलंच होतं.

असल्या येणे रकमेच्या दाव्यासाठी मुदत कायद्याने तीन वर्षं दिलेली आहेत. ती पैसे थकले तेव्हापासून मोजायची, नोटीस पाठवली तेव्हापासून नाही. नोटिशीने मुदत सुरू होत असती तर कुठलंच कर्ज कधी जुनं झालं नसतं, विसाव्या वर्षीसुद्धा नोटीस पाठवून दावा लावता आला असता.

तुमचा शेवटचा भरणा जुलै २०१७. पुढचा हप्ता ऑगस्टमध्ये चुकला. तीन वर्षं म्हणजे ऑगस्ट २०२०. इथे एक गोष्ट आपल्या विरुद्ध आहे, ती आधीच धरून चालू. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळलाय. १५ मार्च २०२० ला तुमच्या खात्यावर त्यांचे साधारण पाच महिने शिल्लक होते. ते १ मार्च २०२२ पासून पुन्हा मोजले की जुलै-ऑगस्ट २०२२ येतो. दावा फेब्रुवारी २०२५ चा. अडीच वर्षं उशीर.

मुदत कायद्याचं कलम ३ असं सांगतं की मुदतबाह्य दावा प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी कोर्टाने फेटाळावा. पण तुम्ही गेलाच नाहीत तर कोर्टापुढे फक्त वादीचा कागद असतो आणि त्यात तारीख नोव्हेंबर २०२४ ची असते. २०१७ ची तारीख दाखवणारं माणूस तिथे उभं पाहिजे.

आता एक प्रश्न, आणि खरं उत्तर द्या. २०१७ नंतर तुम्ही काही लिहून दिलंय का? एखादं पत्र, ईमेल, किरकोळ भरणा, काहीही?

---

रातराणी (सोमवार, ११.२५)

मार्च २०२३ मध्ये एका वसुलीवाल्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला होता. मी उत्तर दिलं होतं, 'थोडी मुदत द्या, जमेल तसं भरते.' भरलं काहीच नाही.

आणि गेल्या महिन्यात एक माणूस घरी आला होता, संध्याकाळी आठ वाजता. म्हणाला, पाचशे रुपये टोकन द्या आणि सेटलमेंटच्या पत्रावर सही करा, केस होणार नाही. आईने दार लावून घेतलं.

---

वकीलबाई_सातारारोड (सोमवार, ११.५०)

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी फार मोठं काम केलंय.

मुदत चालू असताना तुम्ही सहीनिशी कर्ज कबूल केलंत, तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. थोडे पैसे भरून तसं लिहून दिलंत तर कलम १९ प्रमाणे तेच. मात्र दोन्ही गोष्टी मुदत संपण्याआधी व्हायला हव्यात. तुमचा मेसेज मार्च २०२३ चा, मुदत २०२२ मध्येच संपलेली. तेव्हा ही दोन कलमं लागत नाहीत.

पण करार कायद्याचं कलम २५(३) वेगळं आहे. मुदत संपलेलं कर्जसुद्धा 'मी फेडीन' असं लेखी, सही करून वचन दिलं तर तो नवा करार होतो. 'जमेल तसं भरते' हे तसं वचन होतं का, यावर वादीचे वकील भांडतील. माझ्या मते ते फार कच्चं आहे. तरी तुमच्या वकिलांना ते पहिल्याच भेटीत दाखवा, लपवू नका. समोरच्याने उलटतपासणीत काढलं तर उत्तर देणं अवघड जातं. आणि घरी येणाऱ्या माणसाच्या त्या पत्रावर सही झाली असती, तर हाच रिकामा कोपरा भरला गेला असता. असल्या पत्रावर सही नको, पाचशेच काय, एक रुपयाही नको.

संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आधी वसुलीसाठी फोन करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्येच बजावलंय. आठला दारात उभं राहणं त्याच पठडीतलं. तारीख-वेळ एका वहीत लिहून ठेवा.

---

हिशेबनीस (मंगळवार, ९.१०)

माझं मत थोडं वेगळं आहे, कुणी राग मानू नये. मी बँकेत होतो. कार्ड वापरलं, वस्तू घेतल्या, तर पैसे द्यायला हवेत. 'मुदत संपली' म्हणून हात वर करणं मला योग्य वाटत नाही. बुडालेल्या पैशाचा भार शेवटी नियमित भरणाऱ्यांवरच येतो.

---

रातराणी (मंगळवार, १.४०)

हिशेबनीसकाका, तुमचं वाक्य मला लागलं, कारण मलाही रात्री तेच वाटत होतं. कार्ड माझंच होतं. त्यावरची खरेदी मीच केली, आईची औषधंसुद्धा त्यातलीच. मी कोर्टात 'कार्ड घेतलंच नाही' असं म्हणणार नाही. पण ८१ हजारांचे ३ लाख ९४ हजार कसे झाले हे मला कुणीही सांगितलेलं नाही. दाव्यासोबत जोडलेला उतारा एक पानाचा आहे आणि त्यात नुसती शेवटची रक्कम आहे.

---

जुनाकारकून (मंगळवार, २.१५)

याला मी हात वर करणं म्हणणार नाही. कोर्टाने बोलावलंय, जाऊन खरं ते सांगायचं. मुदतीचा कायदाही खराच आहे, तो सावकारालाही ठाऊक असतो आणि बँकेलाही. तीन वर्षांत दावा लावायचा, हे त्यांच्या हातात होतं.

---

वकीलबाई_सातारारोड (मंगळवार, रात्री ९.३०)

हिशेबनीस, तुमचा मुद्दा मी बाजूला सारत नाही. मुदत संपली म्हणून कर्ज नाहीसं होत नाही, फक्त कोर्टातून वसूल करण्याचा हक्क जातो. रातराणीला मुद्दल परत करावंसं वाटलं तर ते तिच्या हातात आहे. पण ते तिने ठरवून, हिशेब समजून करावं. दहा दिवसांत हजर राहिली नाही म्हणून जवळजवळ पाचपट रकमेचा हुकूमनामा अंगावर येणं, आणि मग बारा वर्षं दरखास्तीची टांगती तलवार, हे कुठल्याच नीतीत बसत नाही.

रातराणी, प्रतिज्ञापत्रातल्या शब्दांबद्दल आत्ताच सांगते, कारण यात चांगली माणसं प्रामाणिकपणामुळेच अडकतात. हजेरीनंतर वादी तुमच्यावर 'समन्स फॉर जजमेंट' बजावेल. त्यानंतर पुन्हा दहा दिवस. त्यात प्रतिज्ञापत्र करून बचावाची परवानगी मागायची, 'लीव्ह टू डिफेंड'. त्यात मागणीतली काही रक्कम देणं लागते असं तुम्ही कबूल केलंत, तर तेवढी कोर्टात भरल्याशिवाय परवानगीच मिळत नाही. म्हणून 'कार्ड घेतलं आणि वापरलं' हे खरं, ते लिहा. 'आज एवढी रक्कम देणं आहे' हे वेगळं वाक्य आहे. ते तुम्हाला खरं वाटत नसेल तर भिडेपोटी लिहू नका.

मागायचे कागद: बँकेने या कंपनीला कर्ज विकल्याचा करार आणि त्याच्या परिशिष्टात तुमचं खातं आहे का ते पान. २०१४ पासूनचा पूर्ण खातेउतारा, बँकर्स बुक्स कायद्याप्रमाणे दाखल्यासह. व्याजाचा दर कुठल्या तारखेपासून किती लावला, तो हिशेब. पुढे कैफियतीची वेळ येईल तेव्हा प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर हवं. 'सर्व मजकूर खोटा आहे' एवढंच लिहून भागत नाही. जे नेमकं नाकारलं नाही ते मान्य आहे असं धरलं जातं.

---

चिखलीकर (बुधवार, ७.४५)

माझं प्रकरण जरा वेगळं आहे, पण कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो. माझ्या पर्सनल लोनमध्ये कोर्टाचं नाही, लवादाचं पत्र आलं होतं, थेट दुसऱ्या राज्यातून. लवाद कंपनीने एकटीनेच नेमलेला. मी कागद कपाटात टाकले आणि निवाडा माझ्याविरुद्ध झाला. पुढे कळलं की ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच म्हटलंय. पण निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने असतात, फार तर वर तीस दिवस. माझे ते निघून गेले होते. आता दरखास्तीत भांडतोय. लवादाचं पत्र आलं तर पहिल्याच दिवशी लेखी हरकत पाठवा.

---

पेठकर (बुधवार, ८.२०)

एक शंका. आमच्या शेजाऱ्यांना राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली आहे, बँकेच्या थकबाकीची. तिथेही दहा दिवसांचं असतं का?

---

जुनाकारकून (बुधवार, ८.५०)

नाही. दावा लागण्याआधीची लोकअदालतीची नोटीस म्हणजे तडजोडीला बोलावणं, ते समन्स नव्हे. गेलं नाही म्हणून हुकूमनामा होत नाही. गेलात तर एवढं ध्यानात ठेवा, तिथे सही केलेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच असते आणि तिच्यावर अपील नाही. मंडपात रांग मोठी असते, घाई होते. आकडा आणि हप्ते घरीच ठरवून जा.

---

रातराणी (गुरुवार, संध्याकाळी ६.४०)

दिली हजेरी! नववा दिवस.

अर्धी रजा टाकली. बसने स्वारगेट आणि तिथून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानक. आवारात शिरल्यावर पाय जड झाले होते, इतके काळे कोट एकत्र कधी पाहिले नव्हते. दोन खिडक्यांवर 'इथे नाही' ऐकलं. तिसऱ्या ठिकाणी एका शिपाईमामांनी थेट कोर्टाच्या खोलीपर्यंत नेऊन सोडलं. तिथल्या कारकून बाईंनी कागद वाचला, म्हणाल्या, 'पत्त्यात पिनकोड घाला.' घातला. शिक्का मारून माझी प्रत दिली. वादीच्या वकिलांना शिवाजीनगरच्या पोस्टातून स्पीड पोस्ट केलं, पावती चिकटवून ठेवलीय.

विधी सेवा प्राधिकरणात अर्जही दिला. तिथे माझ्यासारख्या चार बायका बसल्या होत्या, एकीच्या हातात अगदी असाच कागद होता. तिला समन्स येऊन महिना झाला होता. मी तिला एवढंच म्हटलं, आजच सांगा त्यांना, उशीर का झाला त्याचं कारण असेल तर ऐकतात म्हणे. बरोबर सांगितलं ना?

---

वकीलबाई_सातारारोड (गुरुवार, ८.१५)

बरोबर सांगितलंत. पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ करता येतो. एकतर्फी हुकूमनामा झाला असला तरी आदेश ३७ मध्येच नियम ४ आहे, विशेष परिस्थिती दाखवून तो रद्द करून घेता येतो. पण ते दार अरुंद आहे.

---

रातराणी (साडेतीन महिन्यांनी)

हा धागा वर आणतेय, कारण इथल्यांना सांगायचं राहिलं होतं.

प्राधिकरणाने दिलेल्या वकीलताई तरुण आहेत, पण फार बारकाईने काम करतात. व्हॉट्सॲपचा मेसेज मी पहिल्याच दिवशी दाखवला. समन्स फॉर जजमेंट आलं, सातव्या दिवशी आम्ही प्रतिज्ञापत्र दाखल केलं. त्यात कार्ड माझं होतं हे लिहिलंय. जुलै २०१७ च्या भरण्याची नोंद माझ्या जुन्या पासबुकात सापडली, तीही जोडली. कर्ज विकल्याच्या कराराचं जे पान त्यांनी दिलं त्यात माझं खातं नव्हतंच.

काल आदेश झाला. बिनशर्त परवानगी मिळाली. मुदतीचा मुद्दा पुराव्यानिशी ठरवावा लागेल, असं न्यायाधीशांनी म्हटलंय. आता कैफियत द्यायची आहे. वादीच्या वकिलांनी बाहेर येऊन तडजोडीचा विषय काढला, एक लाख दहा हजार म्हणाले. ताई म्हणाल्या, लेखी द्या, मग बोलू.

हिशेबनीसकाका, केस संपल्यावर काय करायचं ते मी ठरवलेलं नाही. पण मुद्दलाचा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

---

हिशेबनीस (त्याच दिवशी, रात्री)

बेटा, वाचून बरं वाटलं. पुढेमागे जे काही द्याल ते बँकेतूनच द्या, रोख नको. आणि आधी 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेलं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर घ्या. क्रेडिट रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' लागतं की 'क्लोज्ड' तेही त्यात लिहून घ्या, पुढे घरासाठी कर्ज काढताना त्यानेच फरक पडतो. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, आत्ताच एक काढून ठेवा.

---

जुनाकारकून (दुसऱ्या दिवशी, पहाटे ५.४५)

कैफियतीची तारीख कुठली दिली आहे? स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, आणि तिच्या आठ दिवस आधी वकीलताईंना फोन करा.